लोखंड किनाऱ्यावर ठेवणारा माणूस

मीरसालेहच्या विजारीला नाडी असायची. बाकूच्या आरमारी धक्क्यावर ज्याच्या त्याच्या कमरेला रुंद पट्टा आणि चकचकीत बक्कल, आणि हा मात्र भेंड्या विकणाऱ्यासारखा नाडी बांधून यायचा. शर्टाला लाकडी गुंड्या. बुटाला खिळे नाहीत, सगळे टाके. घराच्या किल्ल्या, सुट्टी नाणी, चष्म्याची डबी, सगळं तो धक्क्यावरच्या चहावालीकडे ठेवायचा आणि मग बोटीवर पाय टाकायचा. नवखे खलाशी हसायचे. हसू देत. त्यांच्या जिवाची दोरी याच वेड्याच्या हातात आहे हे त्यांना पहिल्या धुक्यात कळायचं.

तो होकायंत्रं दुरुस्त करायचा. म्हणजे बिघडलेली नव्हेत हो, धडधाकट. बोट असते लोखंडाची, आणि लोखंड सुईला ओढतं. प्रत्येक बोट वेगळी ओढते. उत्तरेला तोंड केलं की एका बाजूला, पूर्वेला केलं की दुसऱ्या. एकूण काय, दर बोटीची सुई आपापल्या पद्धतीने खोटं बोलते, आणि ते खोटं किती अंशांचं आहे हे शोधून कागदावर मांडणं हे मीरसालेहचं काम. आखातात बोट न्यायची, आठ दिशांना तोंड करून सावकाश गोल फिरवायची. किनाऱ्यावरच्या बाईल वस्तीच्या चढावर दोन पांढऱ्या खुणा आहेत. त्या एकामागे एक आल्या की खरी दिशा कळते. त्याच क्षणी सुई काय म्हणते ते लिहायचं. सुईखालच्या खणात बारके चुंबक सरकवून तिची थोडी समजूत काढायची आणि पुन्हा दोन फेऱ्या मारायच्या. दोन्ही फेऱ्यांचे आकडे जुळले, की तक्ता करून सही ठोकायची. तो तक्ता सुकाण्याशेजारी काचेत लागायचा. तक्ता नाही तर बंदराबाहेर जायचं नाही, मग तुम्ही ॲडमिरल असा नाहीतर त्याचे सासरे.

चव्वेचाळीस वर्षं तो असा गोल फिरला. बोट वळत राहायची आणि त्याच्या डोळ्यांसमोरून शहर सरकत जायचं. मनोरा, किनाऱ्यावरची झाडं, क्रेनांच्या माना, मग नार्गिन बेट, मग नुसतंच पाणी, त्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग, आणि पुन्हा मनोरा. दक्षिणेचा गिलावार वारा सुटला की हवा दुधासारखी व्हायची आणि बोट वळतेय की जग वळतंय हेच कळेनासं व्हायचं. त्याला ते फार आवडायचं. बायको असताना म्हणायची, "मी केसात एक आकडा खोचला तर हा माणूस दोन हात लांब सरकून बसतो. नवरा केलाय की साधू?" यावर तो नुसता हसायचा आणि दाताखाली साखरेचा खडा धरून चहाचा घोट घ्यायचा.

या समुद्राला बाहेर जायला वाट नाही. चारी बाजूंनी जमीन. त्यामुळे इथे आरमार ज्याचं, समुद्र त्याचा. शंभर वर्षं झारच्या लढाऊ बोटींशिवाय दुसऱ्या कुणाचा झेंडा कॅस्पियनवर दिसायचा नाही, तसा तहच होता. मग झार गेला आणि बाकूत बाकूवाल्यांचं स्वतःचं सरकार आलं. वर्षभर टिकलं नसेल त्याचं आरमार. दोन जुन्या तोफनौका, चारदोन लहान होड्या, त्यातल्या एका तोफनौकेवर मीरसालेहचा बाप भट्टीवाला होता. वीस सालच्या वसंतात बाप भट्टीतून घाम पुसत वर आला तर चंद्रकोरीचा झेंडा उतरून तांबडा चढला होता. तो मुकाट्याने पुन्हा खाली गेला. "भट्टी विझली असती ना," एवढंच तो पोराला सांगायचा. पण मरायच्या आधी दोन दिवस त्याने एकदम विचारलं होतं, "सालेह, त्या झेंड्याची बोट पुन्हा कधी निघेल का रे बाहेर?" ते एकोणीसशे एकावन्न साल होतं. असले प्रश्न लोक खिडक्या लावून विचारायचे. मीरसालेहने उठून खिडकी लावली, आणि उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

आणि मग ब्याण्णवचा उन्हाळा उजाडला. मॉस्कोचं राज्य मोडलं होतं आणि आखातात आरमाराची वाटणी चालली होती. भाऊ वेगळे होताना भांडीकुंडी वाटतात, तशीच. मोठ्या बोटी, चांगली यंत्रं, जाणती माणसं उत्तरेला अस्त्राखानला निघून गेली. मीरसालेहच्या जागी आलेला रशियन माणूसही गेला, जाताना रडला बिचारा. मागे उरल्या म्हाताऱ्या बोटी. त्यातल्या एका गस्तीनौकेला नवा रंग लागला, मागे तो बहात्तर वर्षं पेटीत राहिलेला झेंडा लागला, आणि तिचा तरुण कप्तान एल्देनिज बाईलच्या गल्लीत मीरसालेहच्या दारात येऊन उभा राहिला.

"उस्ताद, मंगळवारी पहाटे निघायचंय. खुल्या समुद्रात, पार तेलविहिरींच्या खांबांपर्यंत. आपली पहिलीच फेरी. तक्ता करायला माणूस नाही. अस्त्राखानला पत्र धाडलं तर उत्तर यायला हिवाळा लागेल."

मीरसालेह सत्तर वर्षांचा होता. आत त्याची मुलगी फिरंगीज चहा गाळत होती, तिथूनच ती म्हणाली, "आणि पायातल्या खिळ्याचं काय, बाबा?"

"तू गप गं. डॉक्टरांनी सांगितलंय, ते पोलाद चुंबकाला ओळखतसुद्धा नाही."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात उत्तरेचा खझरी वारा घोंगावत असताना गल्लीच्या पायऱ्यांवर बर्फात तो घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात शेजाऱ्यांशी चाललेल्या युद्धावरून आलेली पोरं भरलेली. गोदामात जो जुना खिळा सापडला तो डॉक्टरांनी हाडात ठोकला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मामा, यात काय काय आहे मला ठाऊक नाही. पण चालाल."

जन्मभर ज्याने लोखंड किनाऱ्यावर ठेवलं, त्याच्याच मांडीत वीतभर लोखंड. देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

शुक्रवारी दुपारी फिरंगीज शाळेत शिकवायला गेलेली बघून त्याने खिशातलं छोटं होकायंत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं आणि मांडी हळूच जवळ नेली. सुई हलली. 'शेगडी आहे ना समोर,' तो मनाशी म्हणाला. दुसऱ्या खोलीत नेलं. तिथेही हलली. 'पलंगाच्या स्प्रिंगा असणार.' अंगणात नेलं तर नळ सापडला. माणूस स्वतःला फसवायला बसला की घरातलं सगळं लोखंड त्याच्या मदतीला धावून येतं. त्याने होकायंत्र खणात टाकलं आणि वर टॉवेल ठेवला. त्याला एकच हवं होतं: त्या झेंड्याच्या पहिल्या बोटीच्या तक्त्यावर आपली सही. बापाला द्यायचं राहिलेलं उत्तर.

सोमवारी सकाळी आखात अगदी स्वप्नातल्यासारखं पडलं होतं. वारा नाही, लाट नाही, पांढुरकं ऊन. मीरसालेह काठी टेकत आणि लेकीचा खांदा धरत बोटीवर चढला. शिडीपाशी अगादादाश उभा होता, बोटीवरचा सगळ्यात जुना खलाशी, तोंडात वरची सगळी रांग पोलादी दातांची.

"मामा, बाईमाणूस बोटीवर? समुद्र रुसेल हां."

"ती कप्तानाची भूमितीची बाई आहे," मीरसालेह म्हणाला. "समुद्राचं जाऊ दे, तुझा कप्तान घाबरेल."

एल्देनिज खरंच जरा सावरून उभा राहिला. "फिरंगीजबाई, तुम्ही मला आठवीत नापास केलं होतं."

"अजून पेपर आहे माझ्याकडे," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

बोट वळू लागली. मनोरा सरकला, झाडं सरकली. मीरसालेह होकायंत्रापाशी वाकला आणि त्याला वाटलं, मधली निवृत्तीची चार वर्षं नव्हतीच, आजारपण नव्हतं, आपण असेच फिरत होतो. खुणा जुळल्या की तो आकडा बोलायचा आणि फिरंगीज वहीत लिहायची. मग खणातले चुंबक सरकवले. पहिली फेरी झाली. उत्तरेला दोन अंश. दुसरी फेरी झाली.

"उत्तरेला पाच," तो म्हणाला.

फिरंगीजची पेन्सिल थांबली. "मघाशी दोन होते, बाबा."

तिसरी फेरी मारली. सहा. मग बोटीवर शोधाशोध सुरू झाली. कुणाचं तरी लोखंड जवळ असणार! चाकू बाहेर आले, पाने आले, चहाची किटली मागे गेली. एल्देनिजने बक्कल काढून फेकलं आणि एका हाताने पँट धरून उभा राहिला. अगादादाश म्हणाला, "मामा, दात काढून ठेवू का?" आणि विनोद नव्हता तो, त्याने खरोखर कवळी काढून रुमालात बांधली आणि बोटीच्या मागच्या टोकाला नेऊन ठेवली. मीरसालेह हे सगळं बघत होता. आता बोलावं, असं त्याला दरवेळी वाटे, आणि दरवेळी कुणीतरी आणखी एक वस्तू उचलून मागे नेई.

चौथ्या फेरीलाही जुळलं नाही. ऊन चढलं. एल्देनिजने छापील तक्ता त्याच्यापुढे ठेवला.

"उस्ताद, पहिल्या फेरीचे आकडे घाला आणि सही करा. तुमच्या सहीवर कोण शंका घेणार? तीन अंशांनी काय होतंय?"

तीन अंशांनी काय होतं? मीरसालेहला ते झोपेतही सांगता आलं असतं. तेलाच्या खांबांपर्यंत पंचावन्न मैल. तीन अंश चुकले तर तिथे पोचेपर्यंत बोट तीन मैल बाजूला. धुकं असलं तर खांब आधी बोटीच्या पोटात घुसणार आणि मग दिसणार. बोटीवर चौदा माणसं. त्याने पेन हातात घेतलं. मागे झेंडा लोंबत होता, वाऱ्याशिवाय, नुसता कापडाचा तुकडा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हे दुःखाचं नव्हे, लाजेचं आहे, हे त्याचं त्याला कळलं.

"लोखंड माझ्या पायात आहे," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. मग त्याने मांडीवर हात ठेवला आणि पुन्हा सांगितलं: हाडात खिळा आहे, पाय हलला की सुई हलते. अगादादाश बोळक्या तोंडाने म्हणाला, "म्हणजे मी दात उगाच काढले?" पण कुणी हसलं नाही. एल्देनिजची मान खाली गेली.

फिरंगीजने वही मिटली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"शुक्रवारपासून."

"आणि वर मला डॉक्टरांचं नाव सांगितलंत! आयुष्यभर आम्हाला साध्या टाचणीवरून बोललात, आई तुमच्यापायी केस दोरीने बांधायची, आणि स्वतः..." तिचा आवाज चिरकला. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त त्याची दया आली होती, आणि त्या दयेचाही राग आला होता.

"बोल, हवं ते बोल," तो म्हणाला. "पण आधी तक्ता कर."

"मी? मी शाळेत शिकवते बाबा!"

"वीस वर्षं घरी बसून माझे तक्ते कुणी लिहिले? मी वहीतला आकडा वाचायच्या आधी तू लिहून मोकळी व्हायचीस. मला काय दिसत नव्हतं?"

तिने एल्देनिजकडे पाहिलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही करणार असाल तर मी दिवसभर फिरवीन बोट." तिने अंबाड्यातले आकडे एकेक करून काढले आणि अगादादाशच्या तळहातावर ठेवले. केस मोकळे सुटले. मग ती होकायंत्रापाशी जाऊन उभी राहिली, जिथे चव्वेचाळीस वर्षं दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं, असं मीरसालेहला वाटलं. ते काही खरं नव्हतं. पण त्याला तसं वाटलं खरं.

तो काठी टेकत मागच्या टोकाला गेला आणि दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला, झेंड्याच्या खाली, किटली, चाकू आणि दातांच्या शेजारी. सगळं लोखंड एका जागी.

"चुंबक आधी होते तिथे ठेव!" तो तिथून ओरडला. "डोळा खाली आण! खुणा जुळेपर्यंत श्वास घेऊ नकोस!"

पहिल्या तीन दिशांना ती मागे वळून बघत होती. चौथ्या दिशेपासून तिने बघायचं सोडलं. बोट सावकाश वळत राहिली, मनोरा, क्रेनांच्या माना, बेट, पाणी. लेक स्वतःशीच आकडे पुटपुटत होती आणि स्वतःच लिहीत होती, आणि त्याला तिचा एकही आकडा ऐकू येत नव्हता. हे सहन होण्यासारखं नव्हतं. एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली.

उत्तरेच्या खुणा पुन्हा एकामागे एक आल्या.

"चार!" फिरंगीज किंचाळली. "बाबा, माझ्या पहिल्या फेरीतही चार, आताही चार! सगळे जुळले!"

एल्देनिजने पँट सोडून टाळ्या वाजवल्या आणि ती पुन्हा पकडता पकडता त्याची धांदल उडाली. अगादादाश बोळक्या तोंडाने काहीतरी ओरडत होता. मीरसालेह उठला. सुई बघायला, एकदा फक्त डोळ्यांनी बघायला, तो काठी विसरून लंगडत चार पावलं पुढे आला.

फिरंगीजने मान वर केली. ती हसत होती, आणि हसता हसताच तिने हात आडवा धरला.

"बाबा, येऊ नका! आहात तिथेच थांबा."

तो थांबला. मग मागे गेला, दोरखंडावर बसला आणि तिथूनच ओरडून म्हणाला, "सही तुझी कर."