गाडीकडे पाठ करून उभे होते

नोकरी देतो म्हणून पैसे घेणारा माणूस पळून जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. पाहिला, ओरडले, आणि तरी तो गेला. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून संताप होतो.

लढाई संपून पलटणी मोडल्या तेव्हाची ही गोष्ट. कृष्णाकाठच्या आमच्या गावात घरटी एक माणूस लष्करात होता. ते सगळे एकदमच घरी परतले. ऊस होता, नाही असं नाही, पण तेवढ्याशा रानात किती जणांनी राबायचं? आमचे हे हवालदार होऊन आले होते. चावडीवरून गेले तर बसलेली पोरं उठून उभी राहायची. पलटण सुटली तरी ह्यांची हवालदारी काही सुटली नव्हती. घरात पाणी मागायचे तेसुद्धा हुकूम सोडल्यासारखं. मी म्हणायची, "आवं, मी काय तुमचा शिपाई हाय व्हय?" त्यावर मिशीत हसायचे.

त्या उन्हाळ्यात मिरजेहून एक जण आला. खाकी कपडे, चकचकीत बूट, मिशीला पीळ आणि तोंडात लष्करी हिंदी. मुंबईच्या एका बड्या कंपनीच्या गोदामांवर पहारेकरी पाहिजेत म्हणाला. पगार चांगला, राहायला खोली. मारुतीच्या देवळापुढं त्यानं माणसांना रांगेत उभं केलं, छात्या मोजल्या, दात बघितले, आणि एकाला पाय सपाट आहेत म्हणून घरी घालवला. कपाळ माझं! त्या एकाला घालवला म्हणूनच बाकीचे सगळे भुलले. भरतीत असंच होतं ना, जो नको म्हणतो तोच खरा साहेब. मग जाता जाता बोलावं तसं म्हणाला, आधी मिरजेला महिनाभर ट्रेनिंग, त्याचे पैसे ज्याचे त्यानं भरायचे, पहिल्या पगारात परत मिळतील.

मी देवळाच्या कडेला बायकांत उभी राहून ऐकत होते. ते ऐकून मला धक्काच बसला. घरी आल्यावर ह्यांना गाठलं.

"आवं, लष्करात घेतलं तवा तुमच्याकडनं पैसं घेतलं हुतं का?"

"न्हाई."

"आन् ह्यो पहारा शिकवायला पैसं घेणार? लढाई करून आलेल्या मानसांना?"

"ही कंपनी हाय, लष्कर न्हवं. तुला काय कळतंय त्यातलं?"

नाही कळत तर नाही कळत. पण ज्यांनी ब्रह्मदेशच्या जंगलात महिनोन्‌महिने पहारे दिले, त्यांना गोदामाचं कुलूप राखायला शिकवायचं, आणि वर त्याचे पैसे त्यांच्याकडूनच घ्यायचे, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. त्या मेल्याच्या खाकीवर ना पलटणीची खूण होती ना कसला बिल्ला. तेही मी बोलून दाखवलं. हे उठून बाहेर गेले.

गेले ते घरोघर गेले. गावात कुणी पैसे काढायला तयार नव्हतं, पण हवालदार दारात येऊन म्हणाले, "माज्या शबुदावर धाडा," मग कोण नाही म्हणणार? आमच्या शेजारची काकू विधवा बाई, एकुलता एक लेक. तिनं दारातली दुभती म्हैस विकली. ह्यांच्या तोंडाकडं बघून एवढंच विचारलं, "तू हाईस न्हवं त्याच्यासंगं?" हे म्हणाले, "हाय." मला तेव्हापासून जेवण गोड लागेना. त्या माणसाचं काय, तो परका. गावात पत जायची होती ती ह्यांची.

मिरजेच्या बाहेर एका माळावर ट्रेनिंग सुरू झालं. शिकवत कोण होतं म्हणता? आमचेच हे! साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचा आणि हे वीस-पंचवीस जणांची कवायत घ्यायचे. म्हणजे पैसे त्यानं खायचे आणि घाम ह्यांनी गाळायचा. मधे एकदा घरी आले तेव्हा हे कौतुकानं सांगत होते आणि मी तोंडाला पदर लावून ऐकत होते.

महिना भरला. मुंबईचा मोठा साहेब गाडीनं येणार, फलाटावरच तपासणी करणार आणि त्याच गाडीनं सगळ्यांना पुढं नेणार, असा निरोप आला. मी भाकरीचं गाठोडं घेऊन सर्व्हिस मोटारीनं मिरजेला गेले. फलाटावर सगळे दोन रांगांत उभे, इस्त्रीचे कपडे, पुढं आमचे हे. तोंडं भिंतीकडं आणि पाठ रुळांकडं. मोठा साहेब मागून येऊन गर्दन आणि टाचा बघणार, ज्याची मान हलली त्याचं नाव कटलं, असं त्या खाकीवाल्यानं बजावलं होतं. लष्करात तपासणीचा साहेब मागूनही फिरतो म्हणे, त्यामुळं ह्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. गाडी आली. त्यानं "अटेन्शन" म्हणून हाळी दिली. वीस-पंचवीस टाचा एकदम वाजल्या.

मी पाण्याच्या नळाशी उभी होते. मला सगळं दिसत होतं. गाडीतून माणसं उतरली, बोचकी उतरली, मोठा साहेब काही उतरला नाही. आणि हा बाबा ट्रंक उचलून, रांगेच्या मागून, सावकाश चालत डब्यात जाऊन बसला. अगं बाई! 

"आवं!" मी ओरडले. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, त्या वेळेलासुद्धा माझ्या तोंडून ते आलं नाही. "आवं, त्यो गाडीत बसला बघा! पळतोय त्यो!"

एक मान हलली नाही. मी गाठोडं टाकून धावले. गाडीनं शिटी दिली, सुटली. त्यानं खिडकीतून माझ्याकडं बघितलं आणि मला हात जोडले. देवाशप्पथ सांगते, घरी आलेल्या पाहुण्यानं निरोप घ्यावा तसे हात जोडले मेल्यानं. गाडी गेली, फलाट रिकामा झाला, तरी हे सगळे भिंतीकडं तोंड करून उभेच होते. मी पुढं जाऊन ह्यांच्या समोर उभी राहिले तेव्हा कुठं ह्यांनी मान वळवून रिकामे रूळ बघितले.

परतताना मी मनाशी ठरवून टाकलं होतं की इंजिनाच्या आवाजात माझी हाक ह्यांना ऐकू गेली नाही. गावात पोचल्यावर भेटेल त्या बाईला मी तेच सांगत सुटले.

हे पहिले गेले ते काकूच्या दारात. मी मागोमाग होते. तिचा लेक आमच्या आधी घरी पोचून अंगणात उभा होता. काकूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुज्या बायकूनं हाक मारली म्हनं. ऐकू न्हाई आली तुला?"

"काकू, इंजिनाचा आवाज लय..." मी मधे पडले.

"आली," हे म्हणाले. "पयलीच हाक ऐकली. गाडी उभी हुती तवा."



"मग वळला का न्हाईस रं?"

"हुकूम न्हवता."

 तेवढ्यात काकूचा लेक अंगणातून बोलला, "आये, त्यास्नी एकट्यास्नी नगं बोलू. आमीबी ऐकली हुती. समद्यांनी ऐकली हुती. हवालदार वळलं न्हाईत, मग आमी कसं वळायचं?"

हे काकूच्या पायरीवर मटकन खाली बसले.