व्हॉलीबॉलच्या मॅडमना परत आणायला दुबईला

मामेभाऊ मंदार गेली आठ-नऊ वर्षं दुबईला बोलावतोय. यंदा फेब्रुवारीत अखेर गेले, पण निखळ फिरायला म्हणून नाही. कॉलेजने जाता जाता एक काम गळ्यात घातलं होतं.

नाशिकच्या एका अनुदानित महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. आमच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला सध्या कोच नाही. आधी नसीमा मॅडम होत्या, तासिका तत्त्वावर, म्हणजे मैदानावर जितके तास तितक्या तासांचेच पैसे. त्यांचे पती जहाजावर असतात. मुलाला घेऊन त्या दुबईला बहिणीजवळ गेल्या आणि तिथल्या एका खासगी अकादमीत लागल्या. आता आमचे एक माजी विद्यार्थी, बांधकाम व्यवसायातले, म्हणाले की मॅडमना परत आणा, पगार मी देतो. आकडा प्राचार्यांच्या पगारापेक्षा मोठा होता.

स्टाफरूममध्ये गहजब झाला. इतिहासाचे सर म्हणाले, उद्यापासून मीही शिट्टी घेऊन फिरतो. चेष्टेतून मागणी निघाली: कॉलेजांमधल्या कोचच्या पगारावर सरकारनेच कमाल मर्यादा घालावी, तसं पत्र शिक्षकांतर्फे पाठवावं. मी मर्यादेच्या बाजूची. आणि व्यवस्थापनाने नसीमा मॅडमचा होकार आणायची जबाबदारी माझ्यावर टाकली, कारण दुबईला मीच चालले होते. जी गोष्ट व्हायला नको असं वाटतं, तिचंच आमंत्रण घेऊन मी विमानात बसले. मुंबईपासून तीन तास. व्हिसा ऑनलाइन मिळाला. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं.

मंदारचं घर अल बर्शात आहे. मध्यम उंचीच्या इमारती, खाली किराणा, लाँड्री, औषधांचं दुकान, आणि मेट्रो चालत जाण्याइतकी जवळ. मेट्रोचं नोल कार्ड पहिल्याच दिवशी घ्या. डब्यात खाल्लं तर दंड होतो आणि एसी इतका असतो की शाल हवीच. बायकांचा डबा वेगळा आहे, तिथे बसायला जागा मिळते.

पहिल्या रात्री जेवताना मी विषय काढला. मंदारचं मत तयार होतं. "ताई, ज्याला जितकं मिळतंय तितकं मिळू दे ना. सरकार कशाला मध्ये?"

त्याची बायको श्रुती भात वाढता वाढता म्हणाली, इथे शाळेने फी वाढवली की सरकार विचारतं, तेव्हा सगळ्यात खूश तूच असतोस. मंदारने लोणचं मागितलं. त्यांचा मुलगा नील टेबल टेनिसला जातो. त्याला विचारलं, तुझे सर कसे आहेत रे? तो म्हणाला, "ही इज नाइस, आत्या. ही सेज एव्हरीवन इज गुड." मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीवर गेले. तिथली लाकडी होडी, अब्रा, एका दिरहममध्ये पलीकडे सोडते. चोवीस रुपये, असं मी मनात म्हटलं. चार दिवसांत ही सवय जडतेच. पाणी हिरवं, वारा गार, शेजारी बिर्याणीचे डबे मांडीवर घेतलेली माणसं. मसाल्याच्या बाजारात केशर फारच आग्रहाने दाखवतात. घेणार नसाल तर वास घ्यायलाही थांबू नका. ऊद मेथा भागातल्या एका उडुपी हॉटेलात जेवले, साधी थाळी, पोट भरलं. एवढं सगळं पाहत होते, पण मनात शनिवार होता. शनिवारी मॅडमनी अकादमीत बोलावलं होतं. त्यांचा इथला करार महिन्याअखेरीस संपत होता, आणि पुढच्या दोन वर्षांसाठी सही करायची की नाही हे त्यांना ठरवायचं होतं.

अकादमी अल क्वोजमध्ये आहे. अल बर्शाहून टॅक्सीने पंचवीस दिरहम झाले. हा गोदामांचा, गॅरेजचा भाग. मोठ्या गोदामांची खेळाची सभागृहं केली आहेत. एकीकडे लाकूड कापण्याचा आवाज आणि भिंतीपलीकडे चेंडूचा. आत गुळगुळीत फरशी, थंड हवा, आणि जाळीच्या अलीकडे खुर्च्यांवर बसलेले आईवडील.

आमच्याकडे नसीमा मॅडम प्रसिद्ध होत्या त्या नकार देण्यासाठी. निवड चाचणीला आलेल्या प्रत्येक मुलीला त्या खेळवायच्या आणि नंतर बाजूला घेऊन तोंडावर सांगायच्या. तुला चेंडूची भीती वाटते, तू धावायला जा. तुझा खांदा अजून तयार नाही, पुढच्या वर्षी ये. मुली रडायच्या, पण त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायच्या. संघात घेतलं म्हणजे आपल्यात खरंच काहीतरी आहे, हे त्यांना त्यामुळे कळायचं.

इथे मी त्यांना तासभर पाहिलं. बारीक झाल्या आहेत, टी-शर्टवर अकादमीचं चिन्ह, गळ्यात शिट्टी अडकवायची पद्धत मात्र तीच. त्या दिवशी एक मुलगी पहिल्यांदाच आली होती, मोफत चाचणीसाठी. बारा-तेरा वर्षांची, उंच, हात कुठे ठेवावे ते न कळणारी. चेंडू आला की डोळे मिटायची. तिचे वडील ठाण्याचे निघाले. आम्हाला मराठीत बोलताना ऐकून ते तास संपल्यावर जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आपल्या भाषेत विचारतो. खरं सांगा, जमेल का हिला?"

जवळच मॅनेजर पुढच्या बॅचला "यल्ला, यल्ला" म्हणत आत यायची घाई करत होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"जमेल. छान उंची आहे. इन्शाल्ला, वर्षभरात बघा."

वडील सुखावले आणि तिथेच फी भरायला गेले.

नंतर आम्ही कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात बसलो. कडक चहा आणि पराठा. मॅडमनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या की ती मुलगी खेळणार नाही. तिची नजर चेंडूवर नव्हतीच, दाराकडे होती. पण चाचणीला आलेल्या कुणालाही परत पाठवायचं नाही हा इथला नियम, आणि पगारात भर पडते ती मुलांच्या संख्येवर.

"सुरुवातीला घरी गेले की डोकं दुखायचं, मॅडम," त्या म्हणाल्या. "आता नाही दुखत."

मी निरोप सांगितला. इथे सगळे दिरहमचे रुपये करतात, त्यांनी रुपयांचे दिरहम केले. आकडा इथल्या पगाराच्या जवळपास जात होता. त्यांचा चेहरा उजळला. मुलगा नाशिकला जायचं म्हणून रोज मागे लागतो, म्हणाल्या. मग विचारलं, पैसे देणार कोण? मी नाव सांगितलं. त्यांनी पराठ्याचा तुकडा तोडला आणि तसाच हातात धरला.

"त्यांची धाकटी यंदा अकरावीला आली ना? खेळते ना ती?"

"खेळते."

"मग मी तिला पहिल्या सहात नाही घेतलं तर?"

मी घाईघाईने म्हणाले की ते सज्जन आहेत, एका शब्दाने बोलणार नाहीत. हे मी मनापासून म्हणत होते.

"त्यांना बोलायची वेळच येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मीच तिला नाही म्हणणार नाही."

मला, कबूल करते, क्षणभर बरं वाटलं. माझंच म्हणणं सिद्ध होत होतं. मी त्यांना मर्यादेच्या मागणीबद्दल सांगितलं. सरकारने आकडा बांधून दिला असता तर कुणा धनिकाला कोच विकत घेता आला नसता, असं काहीतरी वर्गात बोलतात तशा सुरात बोलले.

त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. पण मर्यादा घातल्यावर मी कशावर जगायचं? तुमच्याकडे होते तेव्हा सकाळी कॉलेज, दुपारी क्लब, संध्याकाळी सोसायटीतली मुलं. तुमच्या मुलींना मी खरं सांगायचे, कारण तुमच्या पैशांवर माझं घर चालत नव्हतं. ज्यांच्यावर चालायचं, त्या सोसायटीतल्या मुलांना मी तेव्हाही छान छानच म्हणायचे."

ज्या सडेतोडपणाचं आम्ही इतकं कौतुक केलं, तो कॉलेजला जवळजवळ फुकट मिळत होता आणि म्हणूनच मिळत होता. मर्यादेच्या बाजूचा किंवा विरोधातला माझा कुठलाच मुद्दा त्याला पुरेना. शेवटी मी विचारलं, काय दिलं तर याल?

"तुमच्यासारखी नेमणूक द्या. पगार तुमच्याइतकाच, जास्त नको. कुणाची मुलगी खेळो न खेळो, पहिल्या तारखेला यायला हवा. देता येईल?"

क्रीडा प्रशिक्षकाचं पद आमच्याकडे मंजूर नाही, आणि ते मंजूर व्हायची चिन्हंही नाहीत, हे मला माहीत होतं. मी बोलते, बघते, प्रयत्न करते, असं ओठांवर आलं होतं. त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या, निवड चाचणीत मुलींकडे बघायच्या तशा.

"इन्शाल्ला नका म्हणू, मॅडम. नसेल जमणार तर सरळ सांगा."

"नाही जमणार," मी म्हणाले.

त्यांनी उरलेला पराठा संपवला. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

रविवारी इब्न बतूता स्थानकावरून बसने अबू धाबीला गेले. तिकीट पंचवीस दिरहम, रस्ता रेषेसारखा सरळ, दोन्ही बाजूंना वाळू आणि मध्येच पाण्याच्या नळीवर जगवलेली झाडं. मोठी मशीद पाहायला पैसे लागत नाहीत, पण वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते आणि डोकं झाकायला ओढणी हवी. पांढऱ्या संगमरवराच्या अंगणात बराच वेळ बसले. सुंदर आहे, जरूर जा. माझं मात्र अर्धं लक्ष तिथे नव्हतं, एवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं.

परतल्यावर आठवड्याने बैठक झाली. मी म्हणाले, मर्यादा मला अजूनही हवी आहे, पण तिच्याबरोबर पद आणि नियमित पगारही मागू या. नुसती मर्यादा मागितली तर कोच आणखी तीन दारं हिंडेल, एवढंच. इतिहासाचे सर म्हणाले, मॅडम दुबईहून कोच आणायला गेल्या आणि कोचची वकिली घेऊन आल्या. सगळे हसले, मीही हसले. दोन मागण्या एकत्र गेल्या तर पहिलीही अडेल असं ठरलं, आणि पत्र मर्यादेपुरतंच गेलं. मी त्यावर सही केली नाही. हा तत्त्वाचा भाग होता की टोमणा झोंबला म्हणून, ते मला नक्की सांगता येत नाही.

नसीमा मॅडमनी दुबईतल्या करारावर सही केली. तसा दोन ओळींचा निरोप आला, सोबत मुलाचा शाळेच्या गणवेशातला फोटो. इकडे त्याच माजी विद्यार्थ्यांच्या पैशांतून पुण्याचे एक सर आले. माणूस मेहनती आहे. त्या धाकट्या मुलीला त्यांनी पहिल्या सहात घेतलं.

परवा सराव पाहायला थांबले होते. मला खेळातलं फारसं कळत नाही, पण मुलगी चांगली खेळते असं वाटलं. तिने मारलेली सर्व्हिस जाळीला जेमतेम चुकवून कोपऱ्यात पडली आणि समोरच्या मुली जागच्या हलल्याही नाहीत. पहिल्या सहात न आलेल्या, बाकावर बसलेल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सर मोठ्याने शाब्बास म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाकाकडे, आणि पुढचा चेंडू मागितला. तिचा चेहरा काही खुलला नव्हता.