कव्हराच्या खालची बारीक ओळ

मी तोंडाची फटकळ. नारायणगावात वारूळवाडीच्या रस्त्याला आमचा छापखाना आहे आणि तिथं येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. पत्रिका न्यायला उशिरा आलेल्या नवरदेवालाही मी सोडत नाही. अशी मी तीन वर्षं एका गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही, हे आमच्या गल्लीत कुणाला खरं वाटायचं नाही.

कोरोनाच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नसराई ऐन भरात होती. मी पिंपळवंडीच्या एका पत्रिकेचं प्रूफ दाखवत होते. नवरीच्या चांगल्या धडधाकट चुलत्याच्या नावाआधी आमच्याकडून 'कै.' लागलं होतं, आणि चुलते स्वतःच समोर उभे राहून ते वाचत होते. मी हसू दाबतेय तेवढ्यात एक पोलीस बूट घालून सरळ आत आला. आमच्याकडं मशीनला चपलेचा पाय लागू नये म्हणून चपला दाराबाहेर काढायची पद्धत आहे, सासऱ्यांपासून. मी बोलणारच होते, पण तो म्हणाला, "मावशी, शेजारच्या दुकानात जरा पंच म्हणून या. पाच मिनटांचं काम हाय."

शेजारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार पस्तिशीचा, मूळचा आणे गावचा. माझ्या नवऱ्याला भाऊ म्हणायचा, मला वहिनी. दुरुस्तीच्या जोडीला तो व्हिडिओ गेमच्या डिस्क विकायचा. टोमॅटोचा हंगाम साधला की बागायतदारांच्या घरात टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन यायचं, मग पार मंचर-घोडेगावहून लोक त्याच्याकडं डिस्क घ्यायला यायचे. डिस्क तो स्वतः घरी कॉम्प्युटरवर उतरवायचा. आणि डिस्कच्या डब्यात वरून दिसतं ते रंगीत कव्हर आम्ही छापायचो.

हे मी आत्ता सरळ लिहितेय, पण तेव्हा यात काही वावगं आहे असं डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं पुण्याहून एक अस्सल डबा आणला आणि म्हणाला, "वहिनी, ह्येच्यासारखं काढून द्या." दिलं काढून. आमच्या धंद्यात पत्रिकेवरचा गणपती कुणी काढलाय हे कोण विचारतं? सगळे एकमेकांचा उचलतात. उलट मी त्यातला निळा रंग जरा गडद केला, तलवारीला चमक आणली. लई भारी झालं म्हणून तो नाचायचा राहिला होता.

आणि खालच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर, अगदी बारीक अक्षरांत, आमच्या छापखान्याचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर टाकला. ही माझ्या नवऱ्याची शिस्त. दर निवडणुकीला तहसील कचेरीत छापखानेवाल्यांना बोलावून दम देतात, की पत्रकावर छापणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर आत जाल. यांनी ते असं मनावर घेतलं की बारशाच्या पत्रिकेपासून भेळेच्या जाहिरातीपर्यंत कुठलाच कागद आमच्या नावावाचून बाहेर पडत नाही. कायद्याला भिऊन वागणारी माणसं आम्ही.

तर मी शेजारी गेले. मला वाटलं मोबाईल चोरीचा काही मामला असेल. खरं सांगते, पंच म्हणून बोलावलं याचा थोडा तोराही होता. दुसरा पंच समोरचा टायरवाला. आत चार पोलीस, आणि त्यांच्याबरोबर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला मुंबईचा एक माणूस, कुठल्याशा परदेशी गेम कंपनीचा. टेबलावर आमच्या कव्हरांचे डबे रचलेले होते. दुकानदार कोपऱ्यात हात बांधून उभा.

त्या माणसानं एक डबा उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "प्रिंटिंग बढिया है. ओरिजिनल से भी अच्छा."

माझी छाती फुगली! देवाशपथ, फुगली. कुणीतरी जाणकार माणूस आपल्या कामाला चांगलं म्हणतोय, एवढंच मला ऐकू आलं.

मग पोलिसांतल्या साहेबांनी टायरवाल्याला समजावून सांगितलं. हा माल नकली आहे. कंपनीच्या परवानगीशिवाय गेमची नक्कल करून विकणं हा कॉपीराइटचा गुन्हा. सहा महिने ते तीन वर्षं तुरुंग, वर हजारो-लाखांत दंड. टायरवाला म्हणाला, "आँ? खेळण्यासाठी?" साहेब म्हणाले, "व्हय, खेळण्यासाठी. आणि ज्यानं ही कव्हरं छापून दिली, तो पण ह्यात येतोय. त्यालाबी सोडत नाय आमी."

बाई गं! पायाखालची जमीन गेली म्हणतात ते मला तेव्हा कळलं. माझ्यापासून दोन हातांवर शंभरेक डबे, आणि प्रत्येकाच्या खालच्या कडेला माझं नाव, माझा पत्ता, माझा नंबर! कुणीतरी डोळे बारीक करून वाचायचा अवकाश. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"कव्हरं कुठं छापली रं?" साहेबांनी विचारलं.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पुन्याहून आणली, साहेब. एक माणूस द्यायचा. नाव नाय म्हाईत."

पंचनामा लिहून झाला. माझा चष्मा दुकानात राहिला होता. साहेब म्हणाले, वाचून सही करा. मी चष्मा आणायला गेले नाही. चष्मा लावला असता तर ती ओळ दिसली असती, आणि ती दिसल्यावर माझ्या चेहऱ्यानं सगळं सांगून टाकलं असतं. न वाचता सही केली. डबे खोक्यात गेले, खोक्याला दोरा, लाख आणि वर आमच्या सहीच्या चिठ्ठ्या. दुकानदाराला गाडीत बसवून घेऊन गेले.

नवऱ्याला सांगितलं तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उरलेली कव्हरं त्यांनी आंघोळीच्या बंबात घातली, कॉम्प्युटरमधनं सगळं पुसून टाकलं, आणि मला म्हणाले, "ह्या विषयावर तोंड उघडायचं न्हाई. त्यांच्याकडं जायचं न्हाई, यायचं न्हाई. लोक दोन अन् दोन चार करतात." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं निमूट ऐकलं.

चौथ्या दिवशी दुकानदाराची बायको आली. तो अजून कोठडीतच होता. मी तिला काचेतून येताना पाहिलं आणि उठून मागच्या कागदाच्या खोलीत गेले. कागदाच्या रिमांमागं उभी राहिले, पदर तोंडाला लावून. बाहेर नवरा म्हणाला, "ती मंचरला गेलीय." ती म्हणाली, "थांबू का मंग?" हे म्हणाले, "उशीर व्हईल तिला." दाराशी तिनं चपला घातल्याचा आवाज आला. मग गेली. वकिलासाठी मदत मागायला आली असणार, किंवा दम द्यायला, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याला जामीन मिळाला. दुकान बंद झालं, बिऱ्हाड आण्याला परत गेलं. तो दुसऱ्याची पिकअप चालवायला लागला. टोमॅटो बाजारात मला ती गाडी एकदा दिसली, मी रस्ता ओलांडला. दारात खाकी कपडा दिसला की मी उठून मागच्या खोलीत जायचे. कोरोना आला, गेला, खोकं कुणी उघडलं नव्हतं, माझ्याकडं कुणी आलं नव्हतं. एका माणसानं माझं नाव घेतलं नाही म्हणून मी घरात भाकरी खात होते, आणि त्याच्या घरी एकदासुद्धा विचारायला गेले नाही, की बाबांनो, चूल पेटतीय का? मला लाज वाटत होती, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

मग जुन्नरच्या कोर्टाचं समन्स आलं. पंच म्हणून साक्ष द्यायची. म्हणजे आता खोकं उघडणार, आणि तेही माझ्याच समोर.

त्या दिवशी चष्मा दोरीनं गळ्यातच अडकवून नेला. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले. सरकारी वकिलांनी लाख फोडली, चिठ्ठीवरची सही दाखवली. "तुमचीच का?" म्हटलं, हो. मग त्यांनी एक डबा माझ्या हातात दिला. "हाच माल जप्त झाला होता का?"

मी चष्मा लावला आणि खालच्या कडेकडं बघितलं.

ओळ नव्हती. माझं नाव नव्हतं, गाव नव्हतं, नंबर नव्हता. पांढरी पट्टीच नव्हती. आमच्या कटिंग मशीनची कड सरळ रेघ असते. ही कड कात्रीची होती, हातानं कापलेली, जरा खाली-वर. मी दुसरा डबा मागितला, तिसरा मागितला. सगळ्यांची तीच गत.

न्यायाधीश म्हणाले, "काय बघताय, बाई?"

"काही नाही, साहेब. हाच माल. सही माझीच."

सुटले म्हणून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग आरोपीच्या जागेवर मान खाली घालून उभ्या असलेल्या त्याच्याकडं लक्ष गेलं आणि तो आनंद टिकला नाही. पुढं त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, दंडही झाला. त्यात माझी साक्ष धरली होती.

पण त्या दिवशी, कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली, ती दोघं नवरा-बायको बाकावर बसली होती. मी तरातरा गेले. तीन वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. "मेल्या, तुला ठावं होतं! हे चोरीचं काम आहे हे तुला पहिल्यापासून ठावं होतं!"

"व्हय, वहिनी," तो म्हणाला. "म्हणून तर कापलं. जेवणं झाली की आमी दोघं कात्री घेऊन बसायचो. तुमाला आधी सांगितलं असतं तर तुमी छापलं नसतं."

"मग नंतर तरी सांगायचं! तीन वर्षं मी जीव मुठीत धरून जगले रे!"

त्यावर बायको बोलली, अगदी हळू.

"मी आले व्हते की, ताई. ह्यांनीच कोठडीतनं सांगितलं, आधी वहिनींकडं जा, त्या घाबरल्या असतील, त्यांना सांग तुमचं नाव कापलंय म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"भाऊ म्हणले तुमी मंचरला गेलाय. पर दारात तुमच्या चपला व्हत्या."