बारा वाट्या आणि ताईंचं नाक

ताईंचं नाक म्हणजे त्या वृद्धाश्रमातलं एक स्वतंत्र खातंच होतं. औषधं बघायला नर्सबाई होत्या, मोटर बिघडली तर वायरमन यायचा, आणि चाळीस म्हाताऱ्या माणसांच्या पोटात काय जाणार ते ताईंचं नाक ठरवायचं. पोतं उघडलं की ताई मूठभर माल तळहातावर घेत, नाकाशी नेत आणि डोळे मिटत. मान उभी हलली की माल कोठीत. आडवी हलली की आल्या टेम्पोने परत. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. स्वयंपाकघरात दुसरं कुणी कशाचा वास घेण्याच्या भानगडीत पडत नसे. ताई असताना आपण कशाला शहाणपणा करा?

आणि ते नाक गेले दोन महिने ठप्प होतं.

सर्दीतापाने आठवडाभर अंथरूण धरलं होतं, तेवढंच निमित्त. ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. ताईंना ते कळलं तेही नवऱ्यामुळे. ते बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले गृहस्थ. बाहेरच्या खोलीतून ओरडले, "अगं, काय जाळतेयस?" ताई शेगडीसमोरच उभ्या होत्या. पातेल्याचा तळ काळाठिक्कर पडला होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

डॉक्टर म्हणाले, काहींचा परत येतो, काहींना वेळ लागतो, वाट बघा. नवरा म्हणाला, "आश्रमात सांगून टाक. फाशी देणारेत का तुला?"

"स्वयंपाक काय, कुणीही करतं," ताई म्हणाल्या. "मला तिथे विचारतात ते नाकासाठी. ते गेलं म्हटल्यावर मी कोण? भाजी चिरणारी चौथी बाई."

"मग चिर की भाजी."

"तुम्ही गप्प बसा."

इथे ताई चुकल्या, हे आधीच सांगितलेलं बरं. त्या वाईट नव्हत्या. पण बावीस वर्षं ज्याच्यामुळे मान मिळाला ते एका तापात गेलं, हे चारचौघांत सांगायला जीभ उचलली गेली नाही. त्या रोज मूठ नाकाशी नेत राहिल्या, डोळे मिटत राहिल्या आणि अंदाजाने मान हलवत राहिल्या.

त्यातच वर्षानुवर्षं माल देणारा वाणी दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला. तेव्हापासून आश्रमाचं सामान मिळेल तिथून यायला लागलं. दूध कोपऱ्यावरच्या दुकानातून यायचं. पंधरा दिवसांपूर्वी एका सकाळी ताईंनी कॅन उघडला, वाकल्या, मान हलवली. दूध तापवलं, फाटलं नाही. बहुतेकांच्या चहात ते गेलं. नऊ नंबरच्या खोलीतल्या आजी मात्र चहा पीत नाहीत, सकाळी पेलाभर नुसतं दूध घेतात. दुपारपासून आजींचं पोट बिघडलं ते असं, की दोन दिवस सलाइन लावावी लागली. आदल्या दिवशी भाचा केक घेऊन आला होता, म्हणून सगळ्यांनी केकवर खापर फोडलं. भाच्याला फोनवर चांगलं झापलंसुद्धा. ताई काही बोलल्या नाहीत. आजी अजून उठून बसत नव्हत्या, आणि नऊ नंबरवरून जाताना ताईंची पावलं आपोआप भराभर पडत.

अशात व्यवस्थापकांनी जाहीर केलं की हे मिळेल तिथून आणणं आता पुरे. गावात दोन सुपरमार्केट आहेत, दोघंही घाऊक भाव द्यायला तयार आहेत. एकाशी वर्षाचा करार करायचा. "माल चांगला हवा आणि भाव आपल्याला झेपेल असा हवा," ते म्हणाले. "भावाचं मी बघतो. मालाचं ताई बघतील. सहा जिनसा, दोन्हीकडच्या, बारा वाट्यांत ठेवू. कुठली वाटी कुठल्या दुकानाची हे फक्त मला ठाऊक. ताई वास घेतील आणि सांगतील. गुरुवारी अकरा वाजता."

"ठेवा की," त्या म्हणाल्या.

मंगळवार आणि बुधवार त्यांनी रजा टाकली आणि दोन्ही दुकानं पालथी घातली. नाक नसलं तरी डोळे होते, बोटं होती, आणि बावीस वर्षांत डोक्यात साठलेलं थोडंथोडकं नव्हतं.

हमरस्त्यावरचं दुकान नवं कोरं होतं. आत थंडगार, फरशीत तोंड दिसेल अशी लकाकी. दारातच साखर आणि तेलाचे डोंगर रचलेले, आणि भाव असे की माणूस हरखून जावा. ताई हरखल्या नाहीत. त्या आत गेल्या, वळत वळत पार मागच्या भिंतीपर्यंत. तिथे डाळीही महाग, रवाही महाग. दारातल्या दहा वस्तूंवर सोडलेलं आतल्या चाळीस वस्तूंवर वसूल करत होते. एकावर एक फुकट म्हणून जे लावलं होतं ते त्यांनी उलटं करून पाहिलं, तर सगळ्यांची मुदत महिन्याभरात संपत होती. फ्रीझरमधली मटाराची पिशवी दाबली तर दाणे सुटे नव्हते, एकच ढेकूळ. म्हणजे मधे वितळून पुन्हा गोठली होती. ताईंनी ती जागेवर ठेवली आणि हात पदराला पुसले.

डेपोमागचं दुकान जुनं. ट्यूबलाइट फडफडणारी, वाटा इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने मागे सरावं. पण फळीवर माल लावणारा माणूस जुनी पाकिटं पुढे ओढत होता आणि नवी मागे लावत होता. भाव सगळीकडे मधले, ना फार स्वस्त ना फार महाग, आणि कालचे आज बदललेले नाहीत.

तरी ताईंचं समाधान होईना. मग त्यांनी ते केलं जे त्या तरुणपणी करायच्या. संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी त्या एकेका दुकानाच्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दुकानात काम करणारा माणूस स्वतःच्या घरी काय नेतो, ते बघायला. नव्या दुकानातल्या पोरी रिकाम्या हातांनी बाहेर आल्या आणि समोरच्या हातगाडीवरून भाजी घेऊन गेल्या. डेपोमागच्या दुकानातली गल्ल्यावरची बाई दोन जड पिशव्या सांभाळत निघाली.

"बाई, इथूनच घेता का हो सगळं?" ताईंनी विचारलं.

"मग कुठून घेणार?" ती म्हणाली. "डोळ्यांसमोर येतो माल."

झालं, ताईंचं मत ठरलं. आता प्रश्न एवढाच होता, की त्या दुकानाच्या वाट्या नाकाशिवाय ओळखायच्या कशा? त्यांनी तिथल्या तांदळातली कणी नीट बघून ठेवली, डाळीचा बिनपॉलिशचा मंदपणा, गव्हाच्या पिठाचा जरा भुरका रंग. नव्या दुकानातलं सगळंच कसं चकचकीत, डाळसुद्धा तेल लावून बसवल्यासारखी. ताईंना वाटलं, निभेल. आपण खोटं तर काही करत नाही. चांगलं दुकान आपण शोधलंच आहे, फक्त कसं शोधलं तेवढं सांगणार नाही.

रात्री नवऱ्याने विचारलं, "उद्या काय करणार?"

"जमवणार."

"आणि नाही जमलं तर?"

ताईंनी दिवा मालवला.

गुरुवारी अकराला स्वयंपाकघरातलं मोठं टेबल धुऊन पुसून ठेवलं होतं. त्यावर दोन रांगांत सहा सहा वाट्या होत्या आणि प्रत्येक वाटीखाली घडी घातलेली चिठ्ठी. एका बाजूला व्यवस्थापक वही घेऊन बसले. दुसऱ्या बाजूला वहिनी उभी होती. वहिनी म्हणजे ताईंच्या हाताखालची स्वयंपाकीण, आठ वर्षं जुनी. सगळे तिला वहिनीच म्हणत, ताईसुद्धा. मोजकं बोलणारी आणि ताईंच्या शब्दाबाहेर न जाणारी.

ताईंनी हात धुतले. तांदळाची मूठ घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले. आत काहीच नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं. डोळे किलकिले करून त्यांनी कणी पाहिली. "ही," त्या म्हणाल्या. व्यवस्थापकांनी लिहिलं. डाळ सोपी होती. पीठ भुरकट, तेही सोपं. साखर दोन्हीकडची सारखीच, त्यात वासाचं काही नव्हतं. तेलाच्या वेळी पंचाईत झाली. त्यांनी बोट बुडवलं, चोळलं, जिभेवर टेकवलं आणि चिकटपणावरून अंदाज बांधला.

राहिले शेंगदाणे. दोन्ही वाट्यांतले दाणे तांबूस, टपोरे, जुळ्या भावांसारखे. ताईंनी एक दाणा नखाने दाबला, दुसरा दाबला. दोन्ही कडकडीत. मग उगाच लांबलचक श्वास ओढला, कारण व्यवस्थापक बघत होते. डावीकडचे अंमळ मोठे वाटले.

ताईंनी मान हलवली. "हे."

तेवढ्यात त्यांना वहिनी दिसली. वहिनी वाट्या आवरायला वाकली होती. डावी वाटी उचलताना ती थबकली, नाक किंचित आक्रसलं, हात नाकाकडे निघाला आणि अर्ध्यावरून खाली आला. चेहरा परत होता तसा. वाटी तिने मुकाट जागेवर ठेवली.

व्यवस्थापक चिठ्ठ्या उलगडत होते. "तांदूळ, डेपोमागचं. डाळ, डेपोमागचं. पीठ... तेल... दाणे, तेही डेपोमागचं! वा ताई! सगळं एकाच दुकानाचं. नाक आहे की यंत्र! भावही परवडतोय. संपला विषय. मी फोन करतो."

खरंच विषय संपला होता. ताईंनी हूं म्हटलं असतं तर नाक शाबूत, मान शाबूत. दुकानही चांगलंच मिळत होतं. व्यवस्थापक खुर्चीतून उठले होते. ताईंचं लक्ष मात्र वहिनीच्या त्या अर्ध्यावरून परतलेल्या हाताकडे लागलं होतं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "वहिनी, त्या दाण्यांचा वास घे."

"मी?" वहिनी दचकली. "तुम्ही घेतलात की, ताई."

"घे म्हणते ना."

वहिनीने वाटी उचलली. खाली ठेवली. "खवट आहेत," ती हळूच म्हणाली. "सगळे नाहीत. पण आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मान हलवलीत."

"आणि त्या दिवशीचं दूध?" ताईंनी विचारलं. "आजींचं पोट बिघडलं त्या दिवशीचं?"

व्यवस्थापकांनी वही टेबलावर ठेवली.

"थोडा आंबूस वास आला होता मला," वहिनी म्हणाली. "पण तुम्ही हो म्हणालात. मला वाटलं, माझंच नाक बिघडलंय. आजी आजारी पडल्या तेव्हा मनात आलं होतं. पण मग वाटलं, ताईंना कळलं नसतं होय? सगळे केक म्हणाले, मी पण केक म्हणाले."

ताई खुर्चीवर बसल्या. "मला दोन महिने कसलाच वास येत नाही," त्या म्हणाल्या. "ताप आला तेव्हापासून. आत्ता या वाट्या मी डोळ्यांनी ओळखल्या. ते दूधही असंच."

व्यवस्थापक भला माणूस, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा लाल झाला. "ताई, चाळीस माणसं जेवतात इथे! दोन महिने? एका शब्दाने सांगितलं असतंत तर..." पुढचं ते गिळून गेले. "आजींना काही झालं असतं म्हणजे?"

"हो," ताई म्हणाल्या.

मग वहिनीने बाराही वाट्यांचा वास घेतला. एकेक करून, चाचरत, आणि प्रत्येक वेळी ताईंकडे बघत. ताई दर वेळी म्हणत, "माझ्याकडे नको बघू. तोंडाने सांग." भाजी चिरणाऱ्या दोघींनाही बोलावलं. त्यांनीही वास घेतला, दोनदा आपापसांत वादसुद्धा घातला. डेपोमागचं दुकानच सरस ठरलं, फक्त दाणे सोडून. ते सुटे दाणे पिंपातून देतात आणि नवा माल जुन्यावर ओततात, हे फोनवर विचारल्यावर कळलं. दाणे बंद पाकिटातले घ्यायचे, असं ठरलं. ताईंचं काय करायचं हे आश्रमाची समिती सोमवारी बघणार होती.

ताईंनी एप्रन काढून खुंटीला लावला आणि सरळ नऊ नंबरच्या खोलीत गेल्या. आजी उशीला टेकून पडल्या होत्या. गालफडं बसलेली, हातावर सुईची निळी खूण. ताई पलंगाच्या कडेला बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. नाक, ताप, दूध, केकवर फुटलेलं खापर. मधे कुठे थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुन्हा सुरुवात झाली नसती. शेवटी म्हणाल्या, "भाच्याला मी स्वतः फोन करते. मला माफ करा असंही म्हणवत नाही, आजी."

आजींनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"पहिल्याच घोटाला आंबट लागलं होतं गं," त्या म्हणाल्या. "ठेवून देणार होते. मग म्हटलं, छे, ताईच्या हातून आलंय, खराब कसं असेल? आणि सगळं प्यायले."