न उठलेली लस

आमच्या वयाच्या बायकांच्या दंडावर देवीच्या लशीचे गोल वण आहेत. ती टोचली की काही दिवसांत तिथं फोड यायचा, पिकायचा, खपली धरायची. फोड आला की आई म्हणायची, उठली बरं का. नाही आला तर परत टोचायला न्यायचे. त्यामुळं लस घेतली की काहीतरी उठायलाच पाहिजे, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

कोरोनाची लस मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, एकाच दिवशी घेऊन आलो. संध्याकाळी आक्कांना हुडहुडी भरली. दंड सुजला, अंग तापलं, गोधडीतनं बाहेर येईनात. आणि मी त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या भाकरी थापल्या. दंड दाबून दाबून बघितला, तर कुठं साधी गाठ नाही. दुसऱ्या डोसालाही तसंच.

"तुझी उठलीच न्हाय की गं," आक्का म्हणाल्या.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. आणि आमच्याकडं बाळाला न्हाऊ घालायचं ते आजीनंच. मी तर जुनं मऊ लुगडं फाडून दुपटीसुद्धा शिवून ठेवलेली. आक्कांनी एका वाक्यात निकाल लावला. "पोराला न्हाऊ मी घालीन. मला लस लागलेली हाय."

मी भांडले नाही. खरं सांगू का, मलाही भीती वाटत होती. माझ्यात लस मुरलीच नसेल आणि माझ्या हातनं त्या तान्ह्या जिवाला काही झालं तर?

थंडीत नात झाली. आक्का पाटावर पाय पसरून बसायच्या, पोरीला नडगीवर पालथी घालायच्या, आणि मी तोंडाला पदर लावून दारात उभी. लेक म्हणायची, "आई, आत ये की." मी आपली म्हणायचे, हितनंच दिसतंय चांगलं.

आणि मग आक्कांचाच घसा धरला. तपासणी केली तर कोरोना. त्यांना माडीवरच्या खोलीत ठेवलं. खाली आम्हा सगळ्यांची तपासणी झाली, देवाच्या दयेनं कुणालाच नव्हता. माडीवरनं आक्कांचं एकच चाललेलं, "माझी तर उठली व्हती की."

आता न्हाऊ कोण घालणार? लेकीचे टाके ओले. चार दिवस तिनं पोरीला नुसतं पुसून घेतलं. शेवटी ज्यांनी बाळंतपण केलं त्या डॉक्टरीणबाईंना मी फोन लावला आणि सरळ विचारलं, "बाई, मला लस लागलेली नाही. मी नातीला हात लावू का?"

"लागली नाही असं कोण म्हणालं?"

"ताप नाही आला. दंडही सुजला नाही."

त्या हसल्या नाहीत. निवांत समजावून सांगितलं. पण मला ते नीट कळलं ते यांना सांगताना. आमच्या यांची उमर चादरीच्या मागावर गेली. चहा बशीत ओतत त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पुठ्ठ्यांचं काम हाय की हे."

नवं डिझाईन आलं की कुठला धागा कधी उचलायचा ते मागाला सांगणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे करायला वेळ लागतो. पण एकदा केले की ते खुंटीला राहतात. पुन्हा तीच ऑर्डर आली की पुठ्ठे चढवायचे, माग सुरू. लस म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधीच दाखवलेला नमुना. त्यावरनं शरीर पुठ्ठे करून ठेवतं.

"आणि ताप?" मी विचारलं.

"खडखडाट. काही माग लई वाजतात, काही गुमान चालतात. चादर दोन्हीतनं निघती."

"मग आक्कांना कसा झाला?"

"लस घेतली तवा विणून ठिवलेला माल कमी व्हतो की हळूहळू. तवर कोरोना आत शिरला. पण पुठ्ठे हायत, म्हणून निसता घसा धरला. न्हायतर वयनी अशा वरडल्या असत्या व्हय?"

डॉक्टरीणबाई असंही म्हणाल्या होत्या की लेकीनं पोटुशी असताना लस घेतली, त्यातलं थोडं बळ बाळाला पोटातच मिळालंय. ते आईचं उसनं, काही महिन्यांत विरून जाईल. पुढं पोरीचं शरीर आपलं आपण शिकेल. आणि मला म्हणाल्या, लस लागली म्हणून बिनधास्त होऊ नका. परत तपासणी करा, मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.

दुसऱ्या तपासणीतही काही निघालं नाही. मग मी पाटावर बसले. गुडघे कुरकुरले. पोरगी हात ओळखीचा नाही म्हणून पहिल्यांदा रडली. डाळीचं पीठ लावून पाठीवरनं हात फिरवला, कोमट पाणी घातलं, तशी हळूहळू शांत झाली.

वरनं आवाज आला, "गप का झाली गं? काय केलंस?"

"काही नाही आक्का. पाणी आवडलं तिला."

मग आक्का म्हणाल्या, "मी बरी झाले की एक दिवस तू, एक दिवस मी."

"बघू," मी म्हणाले, आणि पोरीला उताणी केली.