कुबातकाकांचे नगारे आणि माझ्या हॉर्नमधलं पाणी

पहाटे राय धान्याच्या पिठाची कणीक मळायची आणि संध्याकाळी गावच्या वाद्यवृंदात नगारे बडवायचे, हा पाववाल्या कुबातकाकांचा जन्मभराचा दिनक्रम. त्यांच्या पत्नी रूझेनाकाकू श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत बसत आणि कुणाचा सूर घसरला की सर्वांत आधी, मोकळेपणी हसत. आम्ही वाद्यवृंद चालवणाऱ्या होउझ्विचकामास्तरांच्या छडीपेक्षा त्या हसण्याला जास्त भ्यायचो.

शरदात काकू गेल्या. हिवाळ्यात मास्तरांनी बसवायला घेतलेली रचना नेमकी अशी, की निम्मी शोकाची आणि पुढे हळूहळू उजाडत जाणारी. शोकात काकांचे नगारे ऐकून व्हायोलिनवाल्या बायका रुमाल शोधायच्या. उजाडू लागलं की काका काठ्या मांडीवर ठेवत. "तिथं माझं काम नाही," एवढंच म्हणत.

मैफलीतही असंच झालं तर शेजारच्या गावचा नगारेवाला आणावा लागेल, असं मास्तरांनी शेवटी सांगितलं. काकांना भट्टी सोडून जायला एवढी एकच जागा उरली होती.

शोकातून आशेकडे नेणारा सूर मात्र माझ्या हॉर्नचा, म्हणजे फुंकायच्या वेटोळ्या पितळी वाद्याचा, एकट्याचा. तो ऐकून काका विरघळणारच, असं मी घरी जाहीर केलं होतं. आई म्हणाली, "आधी केस विंचर."

मैफलीत शोक चालू असताना मी डोळे मिटून, हनुवटी उंचावून बसलो. औषधांच्या दुकानातली यित्का समोरच होती. हॉर्नवाल्याने अशा वेळी नळीत साचलेलं श्वासाचं पाणी काढून टाकायचं असतं. शेजारचा मला कोपरानं ढोसत होता. मला वाटलं, त्याला गहिवरून आलंय.

माझी पाळी आली. नाताळच्या जेवणासाठी न्हाणीच्या टबात जिवंत सोडलेला मासा बोलू लागावा, तशी आमची आशा गुळण्या करत उगवली.

पहिल्या रांगेतून यायचं ते हसू आलं नाही. मग मागून आलं. काका हसत होते, खांदे गदगदा हलवत, डोळे पुसत. डोळे पुसून झाले आणि त्यांनी काठ्या उचलल्या. पुढे जे उजाडलं, त्यानं खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

नंतर मी तोंड लपवून हॉर्न पुसत होतो. काका आले.

"रूझेनाला फार आवडलं असतं. पुढच्या मैफलीलाही पाणी राहू दे हं, पोरा."

मागून मास्तर म्हणाले की शेजारच्या गावच्या माणसाला बोलवावंच म्हणतो. त्याला हॉर्न येतो का, तेवढं विचारतो.