सगळे स्नायू ह्यांच्या हुकमात

आमच्या ह्यांना, म्हणजे श्यामसुंदररावांना, शरीराचं ज्ञान झालं ते बदली होऊन चंदीगडला आल्यावर. खातं केंद्र सरकारचं, काम फायलींचं, पण एअरोसिटीतल्या भाड्याच्या घरात बसून मोबाईलवर व्हिडिओ बघता बघता गृहस्थ निम्मे डॉक्टर आणि निम्मे वैद्य झाले. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा ह्यांचं व्याख्यान ठरलेलं. हातापायाचे स्नायू आपल्या हुकमात, आतड्यांचे आपोआप चालणारे, हृदयाचे आणखी तिसरेच. आणि सुश्रुतांनी पाचशे पेशी, म्हणजे स्नायूच, कधीच मोजून ठेवल्या, मग ह्या ॲलोपॅथीवाल्यांनी नवीन ते काय शोधलं? बायका हातात वाण धरून ताटकळत उभ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यावर निष्कर्ष पदरचा. प्रकार तीन असोत नाहीतर तीनशे, मांसधातू एकच, आणि त्याला औषध एकच, तेल लावून मर्दन. मान आखडली, तेल. पोटात मुरडा, तेल. आमच्या रेवानं एकदा हात जोडले, "पापा, प्लीज यार, बस करो." उपयोग शून्य.

गेल्या जानेवारीत सकाळी सूर्यनमस्कार घालता घालता हे डावा दंड धरून खाली बसले. बाहेर धुकं, घरात हीटर लावलेला नाही, आणि ह्यांच्या कपाळावर घाम. जबडाही दुखत होता.

"दंड भरून आलाय. थंडीनं मांस आखडतं. तेल गरम कर," म्हणाले.

"डॉक्टरकडे जाऊ या?"

"तुला स्नायूंतलं काय कळतं?"

झालं. मी वाटी गॅसवर ठेवली.

तेल तीनदा गरम झालं. तिसऱ्यांदा हे आडवेच झाले, तेव्हा मी वैद्य गिरिजाताईंना फोन लावला. त्या मंडळातल्याच, आणि ह्यांचा त्यांच्यावर भरवसा. त्यांनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "वहिनी, तेल खाली ठेवा. हृदय हे मर्म आहे, आमच्याच शास्त्रात लिहिलंय. आधी हॉस्पिटल गाठा." म्हणजे ज्या शास्त्राच्या नावानं हे गर्जत होते, त्याचंही ह्यांनी पहिलं पानच वाचलेलं.

जीव वाचला. संध्याकाळी तरुण सरदारजी डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेलाय.

"एक्सरसाइज से कितने महीने में भर आएगा?" ह्यांनी विचारलं. पडल्या पडल्यासुद्धा!

"अंकलजी, बाँह का मसल भर आता है. ये नहीं भरता, निशान रह जाता है. दर्द के कितनी देर बाद आए थे?"

"तुरंत," हे म्हणाले.

"साडेतीन घंटे," मी म्हणाले.

"इतनी देर क्या करते रहे?"

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी सांगितलं, मालिश. कोण करत होतं ते डॉक्टरांनी विचारलं नाही.

मी करत होते. ह्यांचा दंड चोळत होते, आणि तेवढा वेळ मनातल्या मनात म्हणत होते, बरी जिरली.